काओरी इचो : 58 किलो गटातलं ते सुवर्ण

रिओ ऑलिंपिकमध्ये 17 ऑगस्ट 2016 ला साक्षी मलिकनं कांस्य जिंकलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. त्याच 58 किलो गटातलं सुवर्ण कुणी नेलं, ते विचारून बघा. कुस्तीचे दर्दीसुद्धा अडखळतात.

नेलं जपानच्या काओरी इचोनं. अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ. सलग चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी कुठल्याही खेळातली ती पहिली बाई. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आलीच मुळी 2004 ला. वर दहा जागतिक विजेतेपदं.

गंमत म्हणजे साक्षीचं पदक आणि इचोची कहाणी एकमेकींत गुंतलेली आहे. साक्षी उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वलेरिया कोब्लोवाकडून हरली. कोब्लोवा फायनलला पोचली म्हणून साक्षीला रेपेचाज मिळाला, म्हणजे फायनलला गेलेल्या मल्लाकडून हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी. तिथं तिनं मंगोलियाच्या पुरेवदोर्ज ओरखोनला 12-3 नं लोळवलं. ही ओरखोन कोण? तर त्याच जानेवारीत क्रास्नोयार्स्कला इचोला 10-0 नं हरवणारी! 2003 नंतर इचो मॅटवर पहिल्यांदा हरली ती तेव्हाच. आणि फायनलला कोब्लोवा 2-1 नं पुढे असताना, अगदी शेवटच्या काही सेकंदांत इचोनं दोन गुण काढले. 3-2.

पण मला इचो आवडते ती पदकांसाठी नाही. बीजिंगनंतर, दोन ऑलिंपिक सुवर्णं गळ्यात असताना, तिनं सगळं जमलेलं बस्तान मोडलं. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ती घडली ते काझुहितो साकाए आणि तो सगळा गोतावळा सोडून ती टोकियोला गेली. तिथं पुरुष मल्लांबरोबर सराव करायला लागली. शिकवायला अथेन्सचा कांस्यविजेता चिकारा तानाबे. जिंकत असताना कुणी असं करतं का? आपली कुस्ती अजून कच्ची आहे असं जिला वाटतं, ती करते.

वस्ताद सोडून दुसऱ्या तालमीत जाणं म्हणजे काय, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला समजवायला नको. जपानमध्येही तेच झालं. साकाए पुढे जपानच्या कुस्ती महासंघातही बडे अधिकारी होते. 2018 मध्ये त्यांनी इचोला त्रास दिल्याची तक्रार बाहेर आली, महासंघानं त्रयस्थ वकिलांकडून चौकशी केली आणि एप्रिलमध्ये चार प्रसंगांत अधिकाराचा गैरवापर करून छळ झाल्याचा निष्कर्ष निघाला. साकाएंनी महासंघातलं पद सोडलं. मला यात सगळ्यात खुपतं ते हे, की चार सुवर्णं जिंकून देणाऱ्या बाईलासुद्धा सरावाची जागा आणि शिकवणारा माणूस स्वतः निवडायची मुभा नव्हती. मग राज्य पातळीवरच्या एखाद्या पोरीनं कुणाच्या जोरावर बोलायचं?

2023 मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर साक्षी आणि इतर मल्लांनी भारतीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध केलेल्या आंदोलनाची आठवण येणं साहजिक आहे. तिथले आरोप वेगळ्या स्वरूपाचे आणि जास्त गंभीर होते, तेव्हा दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नयेत. तरी महासंघाविरुद्ध तोंड उघडलेल्या मल्लाची कारकीर्द पुढं कशी जाते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. साक्षीनं डिसेंबर 2023 मध्ये कुस्ती सोडली.

इचो परतली. रिओनंतर दोन वर्षांहून थोडा जास्त काळ ती मॅटपासून लांब होती. डिसेंबर 2018 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तिनं राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला रिसाको कावाईला हरवलं. कावाई म्हणजे रिओत 63 किलोची सुवर्णविजेती, वयानं दहा वर्षांनी लहान. पुढच्या वर्षी निवडीच्या लढतीत कावाईनं परतफेड केली, इचोचं टोकियो ऑलिंपिक हुकलं आणि तिथलं 57 किलोचं सुवर्ण कावाईनं जिंकलं. लायक होती, जिंकली. मला मात्र इचोची एकच कुस्ती बघायला सांगितली, तर चारही ऑलिंपिक फायनल बाजूला ठेवून मी ती डिसेंबर 2018 ची लावीन.