लपणाभोवतीची झाडं वाळली म्हणून दोन स्टार देणाऱ्या ग्राहकांना, नर्सरीकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. चोरलजवळच्या शेतावर, पाणवठ्याशी, पक्ष्यांच्या फोटोंसाठी बांधलेलं लपण झाकायला आमच्याकडून नेलेली झाडं अर्धी वाळली. जंगलातली मोठी झाडं खोदून आणून द्यायला आम्ही नाही म्हटलं. आणि तुमच्या आजोबांच्या वेळी शिकारीचं मचाण एका दुपारीत झाकून व्हायचं. इंदूरमध्ये हल्ली बऱ्याच जणांना असं लपण करायचं असतं, म्हणून उत्तर फोनवर न देता इथेच देतो.

आजोबांचं खरंच आहे. पण मचाणाला झाडं लावत कोण होतं? फांद्या तोडायच्या आणि खोचायच्या, एका रात्रीपुरतं काम. सकाळी पानं माना टाकोत, कुणाला फिकीर! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो शिकारीचा सगळा प्रकार इतिहासजमा झाला. रालामंडळच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगृह बघायला आता लोक डबे घेऊन जातात. तुम्हाला मात्र वर्षानुवर्षं टिकणारा आडोसा हवा आहे. त्याला पावसाळे लागतात, दुपार पुरत नाही.

जंगलातल्या झाडांचं म्हणाल तर राखीव जंगलातून रोप उपटणं 1927 च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी आणून दिली नसती. पुरुषभर उंचीचा पळस किंवा मोह खोदला की सोटमूळ तुटून जमिनीतच राहतं. वर पानांचा पसारा तेवढाच, खाली पाणी ओढायला काही नाही. आठवडाभर हिरवं दिसतं, मग माना टाकतं, आणि दोष नर्सरीला. तुमच्या स्वतःच्या बांधावरची करवंदाची जाळी हलवायची असेल तर एक पावसाळा आधी तिच्याभोवती गोल चर खणून मुळं छाटा, चरात शेणखत-माती भरा. तिथे बारीक तंतुमुळं फुटतात. पुढच्या पावसाळ्यात हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, गोणपाटात घट्ट बांधून उचला आणि वरचा एक तृतीयांश पाला कापून टाका. घाई असेल तर निरगुडीच्या काड्या नाहीतर बांबूचा कंद; हे दोन्ही पहिल्या पावसात बिनबोभाट लागतात.

आता वाळण्याबद्दल. रोपं तुम्ही मार्चमध्ये नेलीत. आमच्या माळीदादांनी बिलावर ‘पाऊस पडल्यावर लावणे, तोवर पिशवीतच सावलीत’ असं लिहून दिलं होतं, ते बिल तुमच्या रिव्ह्यूतल्या फोटोतच दिसतंय. आपल्या माळव्याची काळी माती एप्रिल-मेमध्ये अशी भेगाळते की भेगेत बोट जातं; कोवळी मुळं त्यात ताणून तुटतात आणि हुंडी कोरडीठाक पडते. वरून बादलीभर ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली. आळं करून वर वाळक्या पाल्याचा जाड थर दिला असता तर निदान ओल राहिली असती.

आणि फोटोतली सगळी मेलेली नाहीत बरं का. मुरडशेंग आणि कुडा उन्हाळ्यात पानं गाळतातच. नखानं साल किंचित खरवडा; खाली हिरवं दिसलं तर उपटू नका. म्हणून तर मी भर सदाहरित करवंदावर दिला होता, कारण पाणवठ्यावर गर्दी नेमकी उन्हाळ्यात होते आणि तेव्हा पानगळीची झाडं काय झाकणार? तुम्हाला करवंद काटेरी म्हणून नको होतं.

तुमच्या फोटोत खरी अडचण मला वेगळीच दिसते. लपणाची मागची बाजू उघडी आहे. मागून उजेड आला की आत हललेला हात पक्ष्याला सरळ दिसतो, पुढे कितीही झाडी असू दे. मागे जाड काळं कापड लावा. खिडकीसमोर उंच काही नको, बुटका तरवड आणि गवत पुरे. बाजूला निरगुडी, करवंद. धायटी एखादी लावाच, तिच्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात. ओढ्याकाठची बेशरम भराभर वाढते म्हणून कुणी सुचवेल. ती मात्र आणू नका, एकदा घुसली की निघत नाही.

या उन्हाळ्यापुरता निमाडातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधून आडोसा करा, स्वस्तात होतो. पैसे परत करणार नाही. जितकी रोपं खरोखर गेली असतील, त्यांच्या जागी तेवढी करवंदं नि निरगुडी पहिल्या दमदार पावसानंतर निम्म्या दरात देईन, लावायला माळीदादा येतील. खड्डे मात्र आधी खणून ठेवा, आणि चोरलला यायची गाडी तुमची.