‘आपल्याला कोकणातलं ऊन काय करते?’

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. ‘मामा, पाण्याच्या कॅन कॅन्सल. हे वाचा.’ खाली एक लांबलचक मजकूर, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशा दोन बाणांसकट. त्या आठवड्यात तो माझ्याकडे चौथ्यांदा आला होता. गावच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, शिवाय आमच्या काकाजींकडून, जे एप्रिलमध्ये कोपऱ्यावरून दूध आणायलाही दुपट्टा बांधून निघतात. तीनदा वाचून सोडून दिला. चौथ्यांदा सोडता आला नाही, कारण भाचा नाताळच्या सुटीत सात पोरं घेऊन कोकणात निघालाय. बोलेरो ठरलीय आणि पाण्याचं काम माझ्याकडे आहे.

मजकूर थोडक्यात असा. विदर्भाचा माणूस ४७ डिग्री सोसतो, कोकणात डिसेंबर-जानेवारीत फार तर ३२, म्हणजे आपल्यासाठी ती थंडीच. दिवसभर बिनधास्त किल्ले फिरा, डोंगर चढा. हिवाळ्यात शरीराला पाणी लागत नाही, उलट पाणी पिलं की घाम येतो आणि ताकद जाते, म्हणून चालताना पाणी टाळा. लागलंच तर वाटेत नारळपाणी आहे. कोकणात सगळीकडे सावली, टोपी-दुपट्ट्याचं ओझं नको. थंडीत साप झोपलेले असतात. हिवाळ्यात समुद्राला भरती नसते. आणि खिशात एक कांदा ठेवा, ऊन लागत नाही.

आधी पाण्याचं बोलतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी माणूस फसेल, ह्या मुद्द्याने मरेल.

पाणी पिलं की घाम येतो म्हणे! म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी टाकू नका, ट्रॅक्टर तापणार नाही. अरे, घाम पाणी पिल्याने येत नाही, अंग तापल्याने येतो. चढण चढताना पायाचे स्नायू जी उष्णता तयार करतात, ती बाहेर टाकायला अशा हवेत शरीराकडे मुख्य वाट एकच, घाम. उन्हात चढताना तो तासाला अर्धा ते एक लिटर सहज जातो. तुम्ही पाणी दिलं नाही तरी तो येतच राहतो, फक्त भरपाई न होता रक्तातलं पाणी कमी होत जातं. मग हृदय जोरात धावतं, कातडीकडे जाणारं रक्त आखडतं, आणि शेवटी खरंच घाम कमी होतो. मेसेजवाल्याला हवं होतं ते झालं. फक्त तोवर अंगातली उष्णता बाहेर पडायची थांबलेली असते, आणि माणूस बरळायला लागलेला असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझा साळा राजापूरकडे कातळशिल्पं बघायला गेलो होतो. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तिकडे त्याला सडा म्हणतात, कोणी तरी कोण जाणे कधी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. साळा पन्नाशीतला शेतकरी, मे महिन्यात पऱ्हाटीची धसकटं वेचणारा गडी. दोघांत एक लिटरची एक बाटली. ‘पिकनिकच तर आहे,’ असं मीच म्हणालो होतो. साडेदहाला चढलो, साडेबाराच्या सुमारास त्याचं बोलणं बंद झालं. मग पोटऱ्यांत गोळे आले आणि तो तापलेल्या कातळावरच बसला. ‘भाऊजी, गरगरते,’ एवढंच म्हणाला.

माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. मेमध्ये वावरातून आला की त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे असतात. घाम येतो आणि जागीच सुकतो. इथे शर्ट न पिळता दोरीवर टाकल्यासारखा, बाहीतून थेंब गळत होते, आणि मनगट हाताला चटका बसेल असं. घाम येत होता, सुकत नव्हता.

गुरं घेऊन परतणाऱ्या एका बाईने पाहिलं म्हणून निभावलं. तिने आम्हाला सड्याच्या कडेच्या आंब्याच्या कलमाखाली नेलं, त्याला आडवं करायला लावलं, आपल्या कळशीतल्या पाण्याने फडकं भिजवून त्याच्या मानेवर ठेवलं आणि पोराला घरी पिटाळून कोकमाचं आगळ घातलेलं पाणी आणवलं. आगळात मीठ असतं, त्याला तेच हवं होतं. चार वाजता तो उठून बसला. ‘दुपारचं आम्ही पण सड्यावर जात नाय,’ ती म्हणाली. रागावली नव्हती, नुसती नवल करत होती.

आता ते ४७.

हे वाक्य वाचून छाती फुगते, खोटं कशाला बोलू, माझीही फुगली. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचे आकडे टीव्हीवर आले की आपल्याला जरा अभिमानच वाटतो. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असता? पहाटे पाचला वावरात जाता, दहा-साडेदहाला घरी येता, खिडक्या लावून कूलरसमोर पडता. निघावंच लागलं तर डोळे सोडून सगळं डोकं दुपट्ट्यात. मेच्या भर दुपारी गड चढणारा माणूस आपल्या तालुक्यात दाखवा. आपण ४७ सोसत नाही, आपण ४७ टाळतो. ह्यात आपण वस्ताद आहोत. आणि हा मेसेज म्हणतो, ती वस्तादगिरी घरी ठेवून जा.

दुसरं, कूलर. तुमचा कूलर मेमध्ये खोलीचं महाबळेश्वर करतो आणि जुलैत नुसती दमट हवा फेकतो, का? पाणी तेच, पंखा तोच. हवा आधीच ओली असली की पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही की गारवा नाही. माठाचंही तेच. माणसाचं अंग म्हणजे चालता-फिरता कूलर आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवेत फिरवलं तर त्याचा पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली त्या हवेत घामाने काही गार होऊ शकत नाही. आपल्याकडे ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचा पारा साधारण २४ ला येतो. किनाऱ्यावर ३२ अंश आणि ५५ टक्के असेल तर साधारण २५ ला. ३२ हे ४५ इतकंच वाईट, असं मी म्हणत नाही. ४५ मध्ये वाराच भाजतो. पण ‘थंडी’ कशाला म्हणायचं ते तरी नीट ठरवा.

माझ्यावर विश्वास नसेल तर भारतीय हवामान खात्यावर ठेवा. उष्णतेची लाट जाहीर करायला त्यांनी उंबरठे वेगवेगळे ठेवलेत: मैदानी भागात पारा किमान ४०, किनाऱ्यावर ३७. (डोंगराळ भागात तर ३०.) म्हणजे समुद्रकाठची ३७ सरकारच्या लेखी आपल्या ४० च्या पंगतीला बसते. आणि हा ३७ गाठायला मे लागत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत, शेवटच्या आठवड्यात, मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता आणि सांताक्रूझला ३८.७ नोंदले गेले. ऐन हिवाळ्यातही रत्नागिरीचा पारा काही दिवस ३५ च्या वर जातो. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो ना, तेच कारण. जमिनीवरून येणारा पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की समुद्रावरचा गार वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही, तोवर किनारा तापत राहतो.

शिवाय डिसेंबरात आपलं अंग मे महिन्याचं राहिलेलं नसतं. उन्हाची सवय अंगाला आठ-पंधरा दिवसांत लागते आणि ऊन सुटलं की काही आठवड्यांत जाते. नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता. दरवर्षी तेवढा उतरत नाही, पण दिवाळीपासून स्वेटर घालून शेकोटीशी बसलेला माणूस रात्रभर गाडीत झोपून सकाळी किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा तो ‘४७ वाला’ नसतो.

नारळपाण्याबद्दल अर्धं मान्य. चांगलं आहे, पोटॅशियम भरपूर आहे, मीही दोन प्यायलोच. पण घामातून जातं ते मुख्यतः मीठ, आणि शहाळ्यात ते कमी. शिवाय शहाळेवाला किनाऱ्यावर, स्टँडवर असतो; सड्यावर गाडी लावून कोणी बसत नाही. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. झालं.

सावलीचा मुद्दा ज्याने लिहिला त्याने कोकण रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं असावं. वाडीत सावली आहेच, माड-पोफळीची, घनदाट. वर सड्यावर डिसेंबरात नुसतं वाळलेलं गवत आणि कातळ. आणि ज्यांना वाटतं हिवाळ्यातला सूर्य कललेला असतो, त्यांना सांगतो, २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला रत्नागिरीचा सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर असतो, आपल्या यवतमाळला ४६. म्हणजे तिकडे तो आपल्याहून वरच. दुपट्टा न्या.

साप झोपत नाहीत. तिथे झोपण्याइतकी थंडीच नसते. जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, वीतभराचं, मातीच्या रंगाचं, विषारी. आणि कोवळ्या उन्हाला तेही बाहेर येतं. दगड उचलू नका, बसण्याआधी बघा, सँडल घालून गवतात शिरू नका.

भरती नसते म्हणणाऱ्याला काय म्हणावं? समुद्र पावसाळ्यापेक्षा शांत असतो, हे कबूल. पण भरती चंद्रामुळे येते, ढगांमुळे नाही. वर्षभर, दिवसातून दोनदा, रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, परतायला उशीर झाला तर वाट पाण्याखाली. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग तर खडकांवरून जातो. तिथे लाटेने माणसं ओढून नेलीत. कोकणातली जुनी माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. कॅलेंडर तर आपल्याही भिंतीवर आहे. तरी जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं, आपला हिशेब चालवायचा नाही.

राहिला कांदा. तो खिशात ठेवून ऊन लागत नसतं तर लासलगावात आजवर कोणाला चक्करही आली नसती. माझी आजी पदराला बांधायची, तिचं मन मोडायला मी गेलो नाही. पण आजी दुपारी बाहेरही पडायची नाही.

काल भाचा घरी आला. कूलरचं त्याला पटलं. ‘पण मामा, वजन कोण उचलंल?’ मग हिशेब केला. आठ जण, माणशी तीन लिटर, त्यातले दोन पाठीवर आणि बाकी गाडीत. वीस-वीस लिटरच्या दोन कॅन पुन्हा यादीत आल्या. गावच्या ड्रायव्हरकडून टपावर पोतं बांधून घेतलंय. चढायचं सहाला, साडेदहाच्या आत खाली, मग संध्याकाळी चारनंतर जे करायचं ते करा. कोणी असंबद्ध बोलायला लागला तर सावली, ओलं फडकं, वारा आणि १०८, ‘थोडं बसला की ठीक होईल’ नाही. कुलाब्याचा दिवस तिथी बघून मागे-पुढे केला. सगळ्यांसाठी काळे पॉलिस्टरचे टी-शर्ट छापून आलेत, त्यावर मी काही बोललो नाही, पैसे गेलेत.

कांदेही घेतलेत, पाच किलो. पिठल्यासोबत.