फलाटाबाहेरचे आम्ही

गाडीत शिरल्यावर लोक आधी खिडकी बघतात, मी आपला डबा शेवटून कितवा ते मोजतो. ही खोड आमच्या आडवाटेच्या स्टेशनाने लावली. गाडी 18 डब्यांची, फलाट 14 डब्यांचा. मागचे 4 खडीवर. आणि माझं तिकीट हटकून त्या चारांतलंच!

एक डबा साधारण 23 मीटरचा, म्हणजे नव्वदेक मीटर गाडी उघड्यावर. डब्याचं तळ रुळापासून सव्वा मीटर उंच, खडी त्याहून खाली. दिवसा हे काहीच नाही. रात्री अडीचला, मागून "उतरा ना हो!" चालू असताना, तीच विहीर होते. मी दांडा धरून पाय सोडतो. पाय पायरी शोधतो, पायऱ्या संपतात, तरी पाय शोधतच राहतो. गेल्या खेपेला बॅग आधी टाकली. ती गडगडत उतारावरून गेली आणि मी दांड्यालाच लटकलेला. शेजारच्या आजी मात्र तोंड डब्याकडे करून शिडीवरून उतरावं तशा सरसर खाली. वर मलाच, "पाठमोरं उतरावं रे बाळा."

एकदा शहाणपणा करून आतूनच पुढे निघालो. बाहेर आलेले झोपलेल्यांचे पाय चुकवत तिसऱ्या डब्यापर्यंत पोचलो, तोच गाडी थांबली. थांबा 2 मिनिटांचा. घाईघाईने दार उघडलं. ते फलाटाच्या उलट बाजूचं निघालं.

"फलाट वाढवायला लागतं काय? चार ट्रक माती!" असं मी स्टेशनमास्तरांना सुनावलं. ते बिचारे मला टोकापर्यंत घेऊन गेले. पुढे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा; ते हलवायचे तर सिग्नल हलवा, लूप म्हणजे बाजूचा रूळ लांबवा, आणि त्यापुढे फाटक. मागे वळण, तिथे फलाट बांधला तर डबा आणि फलाट यांत फट पडते.

"मग गाडीच जरा पुढे घ्या."

"पुढे सिग्नल आहे, साहेब."

काही देशांत म्हणे फलाटाला लागलेलीच दारं उघडतात. आमची सगळी उघडतात, हीच तर पंचाईत. तिकडे हुबळीला जगातला सर्वांत लांब फलाट, 1,507 मीटर! आमच्या गाडीसारख्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या राहून वर जागा उरेल. त्यातला नव्वद मीटरचा तुकडा उसना मागावा, असं फार वाटतं.

यंदा मात्र नशीब फळफळलं, डबा थेट इंजिनामागचा. मी निवांत झोपलो. मध्यरात्री जंक्शनवर धक्का बसून जाग आली. गाडी निघाली होती, पण उलट्या दिशेने. इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं होतं.

मी उठलो आणि बुटांच्या नाड्या आवळल्या.