‘इतिहासावर करवत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा माझाच लेख पुन्हा उघडून बसलो. जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींपासून (बोल्ट म्हणजे हाताने दांडा धरून मागे-पुढे करायचा, काडतूस आत ढकलणारा पोलादी दांडगोल) शिकारीच्या रायफली कशा बनत गेल्या, यावर मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. मी ‘इतिहासावर करवत चालवणाऱ्यांचे पोवाडे गातो’. जर्मन लष्करी रायफल माउझर ९८ चं माझं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. आणि अमेरिकन लष्करी रायफल स्प्रिंगफील्ड १९०३ ‘डोळे झाकून निवडावी’ हे माझं वाक्य धोक्याचं आहे. शेवटी एक प्रश्नही विचारलाय, त्याकडे शेवटीच येतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलो. अमेरिकी सरकारी शस्त्रशाळांपैकी स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या क्रमांकांच्या १९०३ रायफलींचे रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) ठिसूळ निघू शकतात. त्या काळी तापलेल्या पोलादाचा रंग पाहून कारागीर तापमानाचा अंदाज बांधत. लख्ख उजेडात तोच तुकडा फिका दिसतो, म्हणून आणखी तापवला जाई आणि पोलाद जळे. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्या, तेव्हा हे उजेडात आलं आणि पुढे उष्णता देण्याची पद्धत बदलली. वाईट भाग असा, की जळलेला रिसीव्हर वरून अगदी चांगल्यासारखाच दिसतो. असल्या रिसीव्हरवर कुणी सुरेख अक्रोडाचा दस्ता चढवला असेल, तर ती भिंतीवर शोभेल, खांद्याला नाही. ‘डोळे झाकून’ हे शब्द लेखातून काढले आहेत. तुमचे आभार.

माउझरबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. १८९८ च्या त्या बोल्टला उजव्या अंगाला एक लांब पट्टीची नखी असते. काडतूस मॅगझीनमधून वर येता येताच त्याची कड ती पकडते आणि रिकामं टरफल बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. घाईत बोल्ट अर्धाच ढकलून मागे ओढला, तरी पहिलं काडतूस आत राहून त्याच्या बुडावर दुसरं जाऊन धडकत नाही. बोल्टला जागेवर घट्ट अडकवणाऱ्या पुढच्या दोन दातांच्या, म्हणजे लग्जच्या, जोडीला मागे तिसरा, अडीअडचणीला. काडतुसाचं बूड फुटलंच तर वायू बाजूला वळवायला बोल्टला भोकं. यात स्मरणरंजन कुठे आलं? विंचेस्टरने १९३६ मध्ये मॉडेल ७० आणली तीही हीच नखी घेऊन, आणि १९६४ मध्ये ती काढून टाकली तेव्हा गिऱ्हाइकांनी केलेली ओरड अजून ऐकू येते.

तरी तुमचा मुद्दा निम्मा खरा आहे. लष्करी ९८ वर दुर्बीण बसवायची, तर बोल्टचा दांडा दुर्बिणीला अडतो. सेफ्टीची उभी पाकळीही अडते. चाप दोन टप्प्यांचा. दांडा, सेफ्टी, चाप, वर दुर्बिणीसाठी चार भोकं आणि त्यांचे आटे: एवढं सगळं चांगल्या कारागिराकडून करून घ्यायचं, तर त्यापेक्षा नवी कोरी रायफल घेणं शहाणपणाचं. हे लेखात यायला हवं होतं.

आता करवत. तुम्ही ‘कत्तल’ हा शब्द वापरलाय. एक आठवण सांगतो. विशीत मी काही महिने एका बंदूक-कारागिराच्या हाताखाली होतो. एका ९८ चा सरळ दांडा खाली वाकवायचं काम हट्टाने मागून घेतलं. बोल्टभोवती ओल्या चिंध्या गुंडाळल्या, ज्योत दांड्याच्या मुळाशी धरली. दांडा लाल व्हायला लागला, मी त्याच्याकडेच बघत राहिलो. चिंध्या कधी सुकल्या कळलंच नाही. मास्तरांनी माझं मनगट धरून बोल्ट वळवून दाखवला: चिंधीच्या कडेबाहेर गव्हाळ पिवळा, त्यापुढे तपकिरी, जांभळा आणि निळा, असे पट्टे थेट त्या तिरप्या खाचेपर्यंत गेले होते, जिथे बोल्ट उचलताना फायरिंग पिन मागे ढकलली जाते. वरचा कडक थर मऊ पडला होता. ते काही बोलले नाहीत. बोल्ट भंगाराच्या डब्यात टाकला आणि जेवायला गेले. म्हणजे कत्तल कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे, मी एक केली आहे.

पण प्रत्येक बदल म्हणजे कत्तल नाही. ज्या रायफलीला आज तुम्ही इतिहास म्हणता, ती तेव्हा चालू मालच होती. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याजवळची स्प्रिंगफील्ड १९०३ शिकारी घाटाची होती, आणि ती बनवली होती खुद्द सरकारी शस्त्रशाळेनेच. पहिल्या महायुद्धानंतर रेमिंग्टनने अमेरिकन लष्करी रायफल एम१९१७ ची रचना आणि उरलेले सुटे भाग घेऊन १९२१ मध्ये मॉडेल ३० बाजारात आणली. कारखानाच हे करत होता, मग दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी मालाच्या पिंपातून निवडून घेतलेल्या रायफलीचे ‘कान’ घरच्या शेडमध्ये कानशीने घासणाऱ्या माणसाला (एम१९१७ च्या मागच्या साइटच्या दोन्ही बाजूंना खरंच कान असतात) गुन्हेगार कसं ठरवायचं? माल स्वस्त होता, पोलाद उत्तम होतं आणि संपेल असं कुणालाच वाटत नव्हतं. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने टपालाने होणारी विक्री आणि लष्करी उरलेल्या मालाची आयात दोन्ही रोखली, तेव्हा कुठे लोकांना अखंड रायफलीची किंमत कळायला लागली.

वाईट कामाची बाजू मी घेत नाही. ब्रिटिश लष्करी रायफल ली-एनफील्ड नंबर १ ची तर फार आबाळ झाली. वजन कमी करायला पुढचं लाकूड करवतीने अर्ध्यावर उडवायचं, वरची कड पॉलिश पेपरने गोल करायची, झाली ‘स्पोर्टर’, म्हणजे शिकारी रायफल. आता त्या लाकडाच्या पोटात, पुढच्या टोकाकडे, स्प्रिंगवर बसवलेली एक खुंटी असते, नळीला खालून रेटा देणारी. लाकूड गेलं की तीही गेली. मग नेम का पांगतो म्हणून हा बिचारा दुर्बीण बदलत बसतो.

खरा वाद पुढेच आहे. तुम्ही लिहिता, ‘असल्या रायफली शोधून मूळ रूपात आणणं हाच प्रायश्चित्ताचा मार्ग’. मला तो मार्ग घसरडा वाटतो. जपानी लष्करी रायफल अरिसाकाचं उदाहरण घ्या. रिसीव्हरवरची सोळा पाकळ्यांची शेवंती, सम्राटाचं चिन्ह, शरणागतीनंतर कितीतरी रायफलींवरून घासून टाकली गेली. आज कुणी ती नव्याने कोरली, तर तुम्हीच पहिले ओरडाल. कारण तो घासलेला डाग हाच त्या रायफलीचा १९४५ आहे. मग १९५५ साली कुणी हौसेने घडवलेला दस्ता काढून, चार वेगवेगळ्या रायफलींचं लाकूड नि पट्ट्या जमवून, क्रमांकांवर क्रमांक ठोकून ‘अखंड’ रायफल उभी केली, तर त्यात इतिहास कोणता वाचला? स्वतःसाठी केलीत आणि तसं उघड सांगितलंत तर ठीक. विकताना जिभेवर येतं ते मात्र ‘मूळचीच आहे’. अशी एक मी स्वतः घेऊन बसलोय. दस्ता, बोल्ट, रिसीव्हर, तिन्हीवर एकच क्रमांक होता. भिंगाखाली पाहिलं तर दस्त्यावरचा ७ वेगळ्याच ठशाचा निघाला. एखाद्या प्रामाणिकपणे कापलेल्या रायफलीने मला असं कधी फसवलं नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न: माझ्या हाती जुळत्या क्रमांकांची अखंड ९८के (माउझर ९८ चीच पुढची, आखूड आवृत्ती) आली तर काय करीन? आज तिला कानस लावणार नाही. दुर्बिणीची चार भोकंही नाहीत, कारण भोक बुजवता येतं, पण ते पाडलं नव्हतं असं करता येत नाही. तेल पुसून, नळी साफ करून, आहे तशी ठेवीन. आणि शिकारी घाटाची हवीच असेल, तर कुणीतरी फार पूर्वी कापून ठेवलेली बाजारात पडून असते, तिला नवा दस्ता घडवीन.