शेजारच्या प्लॉटवरून येणाऱ्या गाजर गवताविषयी आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की, जुलैमध्ये आम्ही आपल्या पुण्यातील बंगल्याच्या आवारातले गाजर गवत काढण्याचे साडेसहा हजार रुपये घेतले आणि दीड महिन्यात ते पुन्हा गुडघ्याएवढे वाढले. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या गवताला आमच्या माणसांनी हातही लावला नाही. आणि ते उपटताना आपल्या आईंच्या हातांवर पुरळ उठले. आईंना झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. या गवतामुळे अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते, हे आम्हाला ठाऊक असताना आपल्याला आधीच बजावायला हवे होते.

कामातही आमची चूक झाली. आम्ही आलो तेव्हा निम्म्या रोपांना पांढरा फुलोरा आलेला होता, आणि तरीही उपटलेले गवत आमच्या माणसांनी दोन दिवस भिंतीलगत ढीग करून ठेवले. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि झाड उपटले तरी तयार झालेले बी जागीच गळते, म्हणून ते त्याच दिवशी गोण्यांत भरून न्यायला हवे होते. त्या दिवशी मी स्वतः कामावर नव्हतो, पण जबाबदारी माझीच आहे.

तक्रार वाचल्यावर गेल्या रविवारी मी आपल्या परवानगीने आवार पाहून गेलो. मागच्या भिंतीत पावसाचे पाणी जाण्यासाठी तीन भोके आहेत आणि पलीकडची जमीन दोनेक फूट उंच आहे. त्या प्रत्येक भोकापासून आपल्या कढीपत्त्यापर्यंत पाणी वाहिल्याची रेघ दिसते, आणि त्या रेघेवर, जणू कोणी पाभर चालवली असावी अशी, गाजराच्या पाल्यासारखी कोवळी रोपे ओळीने उगवली आहेत. हे बी पलीकडचे आहे. आपले आवार कितीही स्वच्छ केले तरी प्रत्येक जोराच्या पावसात ते येतच राहणार, आणि ही गोष्ट पैसे घेण्यापूर्वी आम्ही लेखी सांगायला हवी होती.

भिंतीवरून पलीकडे तणनाशक फवारण्याची आपली सूचना मात्र मला मान्य करता येत नाही. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या जागेत आम्ही काही करू शकत नाही, आणि तणनाशकाने उभे झाड वाळले तरी मातीतले बी तसेच राहते. शिवाय त्या प्लॉटवर मला मेक्सिकन भुंगेरे दिसले, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले. गाजर गवताची पाने खाण्यासाठीच ते 1980च्या दशकात भारतात आणले गेले. पावसाळ्यात ते पानांचा फडशा पाडतात, म्हणून त्यांच्यावर फवारणी होऊ नये असे मला वाटते. शेजाऱ्यांवरचा आपला राग मी समजू शकतो, पण 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आता देशभर पसरले आहे. ते काही त्यांनी लावलेले नाही.

आता शनिवारी सकाळी आठ वाजता आमची माणसे येतील आणि मी त्यांच्याबरोबर असेन. जमीन ओली आहे तोवर, फुलोरा येण्याआधीच, खुरप्याने मुळासकट रोपे काढू, कारण नुसते छाटलेले गवत पुन्हा फुटते. भोकांना बारीक जाळी बसवू, आणि दिवाळीपर्यंत दर तीन आठवड्यांनी येऊ. या सर्वाचा एक रुपयाही आपल्याकडून घेणार नाही. शेजारच्या प्लॉटचे मालक परगावी राहतात असे आपण सांगितले. त्यांचा पत्ता दिल्यास मी स्वतः पत्र लिहून भिंतीलगतची दहा फुटांची पट्टी आमच्या खर्चाने साफ करण्याची परवानगी मागेन. ती मिळाली, तर पुढच्या पावसाच्या तोंडाशी तिथे टाकळ्याचे बी टाकू. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा उरत नाही.

शनिवारपर्यंत आईंना त्या रोपांना हात लावू देऊ नये, ही विनंती.