उकळून नायट्रेट जात नाही, वाढतं

"बागेतलं खत-औषध माती गाळून घेते, विहिरीला काही होत नाही. शेणखत तर कितीही घाला. शंका आलीच तर पाणी दहा मिनिटं उकळा." हा मेसेज आमच्या नात्यातल्या एका बाळंतिणीपर्यंत पोचलाय. बाळाची दुधाची पावडर विहिरीच्याच पाण्यात कालवली जाते, म्हणून हे आज लिहायलाच हवं.

उकळण्याचा सल्ला सगळ्यांत घातक आहे. उकळून जंतू मरतात. खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे, तो वाफेबरोबर उडत नाही. 5 लिटर पाणी आटून 4 लिटर राहिलं की लिटरमागे 40 मिलिग्रॅमचे 50 होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 नुसार मर्यादा 45 आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी तिच्यात सूट नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात. तुरटी, क्लोरीन, कँडल, यूव्ही यांतल्या कशानेही ते निघत नाही. आरओने कमी होतं. तपासणी होईपर्यंत बाळाला त्या विहिरीचं पाणी देऊच नका.

माती गाळते? युरियाचं काही आठवड्यांत नायट्रेट होतं. त्याचा विद्युतभार मातीच्या कणांसारखाच ऋण, त्यामुळे माती त्याला धरत नाही. 1 किलो युरियातल्या 460 ग्रॅम नत्राचं (नायट्रोजनचं) सुमारे 2 किलो नायट्रेट होतं. त्यातलं पाव जरी झिरपलं, तरी 11 हजार लिटर निर्मळ पाणी मर्यादेला टेकतं. शेणखतातल्या नत्राचंही शेवटी तेच होतं, फक्त सावकाश.

वाळवीचं क्लोरपायरिफॉस मात्र मातीला घट्ट चिकटतं, एवढं मान्य. पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत पहिल्या पावसाचं पाणी गाळलं जायच्या आधीच भेगांतून खाली उतरतं. बोअरच्या केसिंग पाइपाभोवती सिमेंट भरलेलं नसेल तर तिथूनही. त्याच मानकात क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम. 20 टक्क्यांच्या औषधाचं 10 मिलि सुमारे 60 हजार लिटर पाणी मर्यादेला टेकवायला पुरतं. म्हणून रिकामी बाटली मोरीत धुऊ नका. तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता.

विहिरीत नायट्रेट निघालं तर शोषखड्डाही बघा, पुष्कळदा मोठा वाटा त्याचाच असतो. नमुन्यासाठी मोटर दहा मिनिटं चालवा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा आणि बर्फात ठेवून 24 तासांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या.