सेंटोसाची काच आणि मुठेचं पाणी

पुण्यातल्या मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पावरून आमच्या घरात सरळ दोन तट पडलेत. काका म्हणतात पुण्याला एक तरी धड फिरायची जागा होऊ द्या, चुलतबहीण राम-मुळा संगमावरची झाडं वाचवायला जाऊन उभी राहते, आणि दोघंही शेवटी मलाच विचारतात, तू सिंगापुरात राहतेस ना, मग तूच सांग. ४४ किलोमीटरची नदी, दोन्ही काठ बांधून वॉकवे आणि बागा, मूळ अंदाजच साडेचार हजार कोटींच्या वरचा, त्यामुळे एका वाक्यात सांगून मोकळं होण्यासारखं ते नाहीच.

मध्यंतरी काका-काकू इकडे आले होते तेव्हा त्यांना दिवसभरासाठी सेंटोसाला नेलं. विवोसिटी मॉलच्या बाजूने पुलावरून चालत बेटावर जाता येतं, तसेच गेलो. काका पुलावरच सुरू झाले, बघ, हेच आपल्याकडे होणारे आणि लोक अडवून बसलेत. मला त्यांचं म्हणणं मनापासून कळतं. आयुष्य कर्वे रोडच्या धुरात गेलेल्या माणसाला पाण्याकाठी नाक न दाबता चालावंसं वाटलं तर त्यात चूक काय?

पण सेंटोसा हे उदाहरणच चुकीचं आहे. ब्रिटिशांच्या काळात हा लष्करी तळ होता, १९७२ मध्ये नाव बदलून बेट पर्यटनासाठी काढलं, बीचवरची वाळूसुद्धा बाहेरून आणून टाकलेली. म्हणजे हे ठरवून बनवलेलं सुट्टीचं बेट आहे. मुठा तशी नाहीये, तिच्यात खडकवासल्याचं पाणी सुटतं, तिला पूर येतो, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते काकांनीही टीव्हीवर पाहिलं. अशा नदीचं पात्र आवळायचं की नाही हे सेंटोसा बघून ठरत नाही.

मग आम्ही मत्स्यालयात गेलो. जुनं सी अ‍ॅक्वेरियम २०१२ चं, जुलै २०२५ पासून तेच वाढवून सिंगापूर ओशनेरियम केलंय. तिथे ३६ मीटर रुंद काच आहे, पलीकडे मांटा रे पंख हलवत जातात, काकू तर तिथून उठायलाच तयार नव्हत्या. आणि मला नेमकं तिथेच वाटलं की मी काकांना जे सांगू बघतेय ते इथे दिसतंय. काच आपल्याला दिसते, पण मासे जगतात ते आपल्याला न दिसणाऱ्या पंपांवर आणि फिल्टरवर, पाणी सतत फिरतं, गाळलं जातं, तपासलं जातं. घरी फिशटँक ठेवणाऱ्या पोरालाही माहीत असतं की नवीन टाकीत लगेच मासे सोडायचे नाहीत, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया वाढेपर्यंत काही आठवडे थांबायचं, नाहीतर सजावट कितीही भारी असली तरी मासे मरतात.

आणि सिंगापूरने स्वतःच्या नदीचंही याच क्रमाने केलं, आधी पाणी, मग सजावट, हे आपल्याकडच्या वादात कुणी बोलतच नाही. १९७७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नदी साफ करा म्हणून सांगितलं, १९८७ पर्यंत काम झालं. आज पर्यटक फोटो काढतात ती नदीकाठच्या क्लार्क कीची हॉटेलं त्यानंतरची. त्यासाठी डुकरांचे आणि बदकांचे फार्म हटवले, फेरीवाले बांधलेल्या केंद्रांत नेले, हजारो कुटुंबं हलवली. ते सगळं पुण्यात जसंच्या तसं व्हावं असं मी मुळीच म्हणणार नाही, इथे वरून ठरलं की होतं, आपल्याकडे लोकांना विचारायलाच हवं, आणि मार्च २०२२ नंतर पुण्यात कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते तेव्हा एवढा मोठा प्रकल्प पुढे रेटला गेला याचा मला खरंच राग येतो.

पाण्याचं काम आपल्याकडे कागदावर आहेच की. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातला प्रकल्प, ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, कर्जाचा करार २०१६ चा. तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि काठाचं भूमिपूजन २०२२ मध्ये होऊनसुद्धा गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीत नदीवर डासांचे खांबच्या खांब उठले होते, तो व्हिडिओ मला इथल्या ऑफिसातल्या लोकांनी दाखवला. १८३९ साली कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची यादी छापली त्यात कोलुस, नुक्टा, फुलुंगी अशी आपल्याकडची नावं आहेत, आणि आपल्या नदीत आज जलपर्णी आहे.

काकांनी परतताना विचारलं, मग काय काम बंद पाडायचं? झालेलं पाडा असं मी म्हणत नाही, बंडगार्डनला जे झालंय ते राहू दे. पण पुढचे टप्पे थांबवा, झाडांना हात लावू नका, आधी अकराच्या अकरा केंद्रं पूर्ण क्षमतेने चालू करा आणि प्रत्येक पुलाजवळच्या पाण्याची तपासणी दर आठवड्याला लोकांना कळेल अशी जाहीर करा. काका म्हणाले त्याला दहा वर्षं जातील. जाऊ देत ना काका, इथेही दहाच लागली होती.